उघडी तोंडं

बाळाला भरवायची खुर्ची कुणाकडे राहणार, एवढंच दुकानदाराने विचारलं होतं. विचारायचं कारणही साधं होतं. जागा किती आहे ते कळलं म्हणजे घडीची दाखवायची की एका जागी उभी राहणारी, ते त्याला ठरवता आलं असतं. मुलाने मागे वळूनसुद्धा न बघता सांगून टाकलं, "आईकडे." आणि लगेच एका लाल, गुबगुबीत खुर्चीची चाकं पायाने मागेपुढे करून बघायला लागला. सून नातीची टोपी सारखी करत होती, तिनेही मान वर केली नाही. म्हणजे नातीला आईने सांभाळायचं, हे दोघांचं ठरलेलं होतं. कधी ठरलं, आपल्याला विचारायचं राहून गेलं की विचारायची गरजच वाटली नाही, हे आईला कळेना. "आई, तू चल, तुला त्यातलं कळतं," असं म्हणून मुलाने तिला घरून आणलं होतं. तिला ते मानाचं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, कपाटातल्या चांगल्या चपला काढून ती आली होती. खुर्ची त्यांच्या घरी जायची आहे, आपण फक्त चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या आणि चहा पिऊन परत यायचं, असं ती धरून चालली होती. आता त्या चपलांचा पट्टा टाचेला काचायला लागला.

त्यातलं कळतं, हे मात्र खरं. एकोणचाळीस वर्षं ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात होती, आणि त्यातली सदतीस मऊ जेवणाच्या विभागात. ज्यांना चावता येत नाही, ज्यांच्या तोंडाची अर्धी बाजू गेलेली आहे, ज्यांचे जबडे तारांनी बांधलेत, त्या सगळ्यांचं जेवण तिच्या टेबलावरून जायचं. पातळ, दाट, लगदा आणि बारीक तुकडे अशा चार पायऱ्या, चार रंगांची झाकणं. चमचा तिरका केला की घास एका दमात ताटलीत पडला पाहिजे. चमच्याला धरून बसला तर माणसाच्या घशातही तसाच बसणार. प्रत्येक भांड्यातला एक चमचा स्वतः चाखल्याशिवाय ती झाकण लावू द्यायची नाही. बटाटा, गाजर, भात, मासा, सगळं शेवटी एकाच चवीचं, कोमट आणि गप्प. स्वयंपाक्यांनी तिचं नाव मऊबाई ठेवलं होतं, आणि ते ठेवताना त्यांना चांगलंच हसू आलं असणार, कारण बाईच्या बोलण्यात मऊपणा औषधालाही नव्हता. पुढे डॉक्टरही तेच नाव घ्यायला लागले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून तिला मिक्सर दिला. काय बोलायचं अशा लोकांना! तो अजून खोक्यातच होता, कपाटावर, आणि गाडीतून येताना सून हसून म्हणाली होती की आई, तो मिक्सर आता कामाला येईल. तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं.

रिटायर होऊन चार महिने झाले होते. या चार महिन्यांत तू काय केलंस, असं कुणी विचारलं असतं तर मऊबाईला सांगायची लाज वाटली असती. तिने चावलं. दुसरं काही नाही. आठ वाजता उठायचं, कडक भाजलेला पाव, मूठभर दाणे, कच्चं गाजर, सालासकट सफरचंद असं घेऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं आणि पाऊण तास नुसतं चावत राहायचं. दाढेखाली काहीतरी मोडतंय, हा आवाज आतून ऐकायचा. समोरची खुर्ची रिकामी. सगळ्यात मोठं सुख ते होतं, समोर कुणाचं तोंड उघडलेलं नाही. कारण स्वयंपाकघरात नुसतं शिजवून भागायचं नाही, वॉर्डात माणसं कमी पडली की बोलावणं यायचं, मऊबाई, जरा सहा नंबरला भरवून जा, जरा अकरा नंबरला. आणि मग ते तोंड. म्हाताऱ्याचं असो, अपघातातल्या पोराचं असो, सगळ्या उघड्या तोंडांत एक गोष्ट सारखीच असायची: त्याला तुम्ही कोण आहात याच्याशी काही देणंघेणं नसायचं. डोळे चमच्यावर. चमचा आत गेला की मिटायचं, गिळायचं, परत उघडायचं. तुमचा हात दुखतोय, तुमच्या घरी काय चाललंय, तुम्ही आज जेवलात का, हे त्या उघड्या तोंडाला कधी सुचत नाही, आणि सुचावं तरी कसं, ते बिचारं भुकेलेलं. तिला राग यायचा आणि रागाची लाज वाटायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. बाहेरून बघणारे म्हणायचे, काय माया आहे हो बाईला!

दुकानदार चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पन्नाशीचा, बोलका माणूस होता. त्याने लाल खुर्चीत नातीला बसवून दाखवलं. सात महिन्यांची पोर, तिने लगेच समोरच्या ताटलीवर दोन्ही हात आपटायला सुरुवात केली. मुलगा खूश. गादी आहे, चाकं आहेत, पाठ मागे झुकते, खेळणी लटकवायला दांडी आहे. दुकानदार म्हणाला, ही आमची सगळ्यात जास्त खपते. मऊबाईने ठरवलं होतं की आता आपण बोलायचं नाही. एक शब्द काढायचा नाही. ज्यांनी ठरवलंय त्यांनी बघून घ्यावं. आणि हे ठरवत असतानाच तिचं बोट ताटलीखाली गेलं. बोटाला खाच लागली, आणि खाचेत अन्न जाणार, आणि जाऊन आंबणार, हे हाताला तिच्या आधी कळलं. मग बोट गादीच्या शिवणीत गेलं. शिवणी सोळा. "ही धुणार कशी?" तिने विचारलं. आणि पाठ मागे झुकते म्हणजे काय, आडवं करून भरवायचं पोरीला? घास सरळ श्वासनळीत जाईल. पाठ ताठ पाहिजे. दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे नव्याने बघितलं. मग त्याने प्लॅस्टिकची हलकी, लांब काटकुळ्या पायांची खुर्ची पुढे केली. तिने पोरीचे पाय बघितले. लोंबकळत होते. पायाखाली आधार नसला की धड सैल पडतं, धड सैल पडलं की गिळणं बिघडतं, हे तिने एका दमात सांगून टाकलं, आणि सांगताना तिचा आवाज अगदी स्वयंपाकघरातला झाला, खणखणीत. तिसरी टेबलाला अडकवायची होती. तिचा स्क्रू तिने दोनदा फिरवला आणि मान हलवली. चौथी लाकडी. पायाखालची फळी वरखाली होणारी, बसायची फळीही वरखाली होणारी, शिवण एकही नाही, ताटली एका हाताने निघते का ते तिने एका हाताने काढून बघितलं, कारण दुसऱ्या हातात नेहमी कुणीतरी असतं. पट्टा लावला, सोडला, परत लावला. तोवर मुलगा आणि सून दोघंही थांबून तिच्याकडे बघत होते, कौतुकाने. "ताई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या," दुकानदार म्हणाला. "हीच," मुलगा म्हणाला, "आईने निवडली. विषयच संपला." मऊबाईने हात खुर्चीवरून काढून घेतले, पण उशीर झाला होता. आपल्याच हातांनी आपला घात केला. कुणी बळजबरी केली असती तर भांडता तरी आलं असतं.

सून नातीला घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसली आणि दुकानदार आतून खोक्यातली खुर्ची आहे का ते बघायला गेला. मुलगा तिच्याजवळ आला. तो पुलांचे नकाशे काढणाऱ्या कंपनीत आहे, बोलायला अडखळतो, लहानपणापासूनच. जे बोलायचं ते आधी मनात आखून घेतो. आजचंही त्याने आखून आणलं होतं हे तिला त्याच्या उभं राहण्यावरूनच कळलं. "आई," तो म्हणाला, "माझ्या वेळी तुला मिळालं नाही. माझा पहिला घाससुद्धा तुला बघता आला नाही, तू किती वेळा सांगितलंयस. आता मनसोक्त भरव. रोज. म्हणूनच परवा पाळणाघरवाल्या बाईंना नाही सांगून टाकलं." आणि त्याचे डोळे भरून आले. तो डाव साधत असता, फुकटात आया मिळवत असता, तर तिने त्याला जागच्या जागी सोलून काढला असता. पण तो तिला काहीतरी देत होता. किती दिवस मनात धरून, जपून, बायकोशी वाद घालून कदाचित, तो आईसाठी हे घेऊन आला होता. आणि जे घेऊन आला होता ते तिचंच होतं, तिनेच कधीतरी त्याच्या हातात दिलेलं.

कारण ती गोष्ट खोटी होती. म्हणजे गोष्ट खरी, दुःख खोटं. तो सहा महिन्यांचा असताना ती एक दिवस चारला सुटून घरी आली, आणि सासूने दारातच सांगितलं की आज तुझ्या लेकाने तीन चमचे खाल्ले, बटाटा, चौथा थुंकला. शेजारीण उभी होती. शेजारणीचा चेहरा असा झाला की बाई गं, आईला पहिला घास बघायला मिळाला नाही. मऊबाईला त्या क्षणी काय वाटलं होतं ते तिला आजही लख्ख आठवत होतं: बरं वाटलं होतं. सुटल्यासारखं. त्या दिवशी तिने सकाळपासून सात तोंडं भरवली होती, त्यातल्या एकाने सगळं तिच्या अंगावर ओकलं होतं, केसांना अजून वास येत होता, आणि घरी आणखी एक तोंड नव्याने उघडलंय ते बघायला आपण नव्हतो, याचं तिला बरं वाटलं होतं. पण शेजारीण बघत होती. तेव्हा तिने पदर डोळ्याला लावला. तोंडदेखलं, दुसरं काय. ते सगळ्यांना इतकं पटलं, इतकं शोभून दिसलं, की मग ते राहिलंच. पाहुण्यांत सांगायचं, मुलगा दहावीला पहिला आला तेव्हा सांगायचं, त्याच्या लग्नात सुनेच्या आईला सांगितलं. दर वेळी गळा थोडा भरून यायचा, आणि गळा भरून येतो म्हणजे खरंच असणार असं तिलाही अधूनमधून वाटायचं. तिचं पोरावर प्रेम नव्हतं असं नाही. त्याच्या तापात ती सहा रात्री जागली होती, त्याची गणितं तिने घेतली होती, त्याच्या चड्ड्यांना ठिगळं लावली होती. फक्त भरवायला सासू. ते तिने कधी हातात घेतलंच नाही, सुट्टीच्या दिवशीसुद्धा नाही. सुट्टीच्या दिवशी तिला नेमके कपडे धुवायचे असायचे.

आणि सासूला तरी कुणी विचारलं होतं? आठ आठवड्यांचं पोर तिच्या मांडीवर ठेवून ही कामावर गेली होती, बाटली कुठे, दुपटी कुठे, एवढं सांगून. सासू तेव्हा बावन्न वर्षांची होती. बावन्न म्हणजे काय वय आहे? ती तिच्या मैत्रिणींबरोबर कुठेतरी शिवणकाम शिकायला जाणार होती, मशीनसुद्धा ठरवलं होतं, ते मग मागे पडलं, आणि त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढे म्हातारीचं अर्धं अंग गेलं तेव्हा चार वर्षं मऊबाईने तिला भरवलं, कामावरून येऊन, कामावरच्यासारखंच. म्हातारी कधीकधी ओठ घट्ट मिटून घ्यायची. चमचा ओठांवर टेकवून धरायचा, वाट बघायची, ती तंत्रं मऊबाईला पाठ होती. एका संध्याकाळी म्हातारीने चमचा हाताने बाजूला केला आणि सावकाश, एकेक शब्द शोधत, पण अगदी स्पष्ट म्हणाली, "तू मला विचारलं नव्हतंस. मला पोर सांभाळायचंय का म्हणून." इतक्या वर्षांनी! मऊबाई हसली होती. आता काय त्याचं, आई, असं म्हणून तिने चमचा परत पुढे केला होता, आणि म्हातारीने मुकाट्याने तोंड उघडलं होतं. तेव्हा तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. आज या दुकानात, लाकडी खुर्चीसमोर उभं राहून, तिला ते तोंड उघडणं आठवलं. म्हणजे आपण नाही म्हणायचं ते कुठल्या तोंडाने? जिच्यावर लादलं ती निमूटपणे करून, झिजून गेली. आता आपली पाळी आली तर आपल्याला आधी विचारायचे नियम आठवताहेत. हे सगळं तिला कळत होतं. कळूनही तिला नको होतं. तिला उद्या सकाळी उठून चमचा तिरका करून बघायचा नव्हता.

बाकावर सून नातीला पाणी पाजत होती. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते ती, दिवसभर लोकांना हे अक्षर नीट दिसतं की ते, असं विचारते. रजा आठ दिवसांत संपत होती. गेले महिनाभर तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि आताशा ती कुठलंही वाक्य अर्ध्यात सोडून द्यायची. पाळणाघराची जागा गेली म्हणजे गेली, तिथे चार महिन्यांची रांग असते, हे मऊबाईलाही माहीत होतं. तिने नाही म्हटलं तर ही पोरगी काय करणार? नोकरीवरून आणखी रजा मागणार, ती मिळणार नाही. सुनेशी तिचं वाईट नव्हतं. उलट मुलापेक्षा सुनेशीच तिचं जास्त पटायचं, दोघी मिळून त्याच्या अडखळण्याची नक्कल करून हसायच्या. आणि नात? नातीने इकडे बघून हसून दाखवलं, खालचे दोन दात दिसले. गोड होती पोर. गोड आहे म्हणून काय झालं, मऊबाईने स्वतःलाच विचारलं, आणि असं विचारणारी आजी आपणच आहोत याचा तिला उबग आला. चार दिवस करून बघू, मग काहीतरी निमित्त काढू, कंबर दुखते म्हणू, असंही मनात येऊन गेलं. पण हे तर तेच झालं. पुन्हा पदर डोळ्याला. कंबर दुखते म्हटलं की मुलगा औषध आणेल, पट्टा आणेल, खुर्चीची उंची बदलून देईल, आणि वर अपराधी वाटून घेईल. त्याला दिलेली एक खोटी गोष्ट त्याने तीस वर्षं सांभाळली होती. दुसरी त्याला द्यायची तिची छाती होईना.

दुकानदार आतून वही घेऊन आला. खोक्यातली आहे, उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल, जोडून देणारा माणूस बरोबर येईल, पत्ता सांगा. मुलगा आईच्या घराचा पत्ता सांगायला लागला. इमारतीचं नाव झालं, मजला झाला.

"तिकडे नको," मऊबाई म्हणाली. "तुमच्या घरी पाठवा."

मुलाला वाटलं, आईला जागेची काळजी आहे. टेबल थोडं सरकवलं की खिडकीपाशी मस्त बसेल, त्याने समजावलं, तो येऊन सरकवून देईल. सून मात्र उठून उभी राहिली होती. तिला आधी कळलं. डोळे तपासणाऱ्या बाईला कळायचंच.

"मी सांभाळणार नाही," मऊबाई म्हणाली. आवाज स्वयंपाकघरातला निघाला नाही, बारीक निघाला. "रोज नाही. मला नाही जमणार."

मुलगा म्हणाला की अगं, तुला तर सगळं येतं. ती म्हणाली, येतं, म्हणूनच. तो म्हणाला, आजीने केलंच ना माझं, तुझ्याहून थोडी लहान होती इतकंच. त्यात टोमणा नव्हता, तो खरोखरच हिशोब जुळवून बघत होता, नकाशात कुठे चुकलं ते शोधत होता. दुकानदाराने वहीत डोकं घातलं.

"आजीला मी विचारलं नव्हतं," मऊबाई म्हणाली. "आजीलाही नको होतं. तिने मला सांगितलं, नंतर. मी ऐकून घेतलं नाही."

"पण तुलाच तर," तो म्हणाला, आणि अडखळला, आणि तिने त्याला वेळ दिला, लहानपणी द्यायची तसा. "तुलाच तर वाईट वाटत होतं ना. माझा पहिला घास."

आता हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. हो रे, पण आता वय झालं, एवढं म्हटलं असतं तर त्याने तिचा हात धरून तिला गाडीपर्यंत नेलं असतं.

"नव्हतं वाटलं," ती म्हणाली. "लोक होते म्हणून तसं म्हटलं. मग म्हणत राहिले."

तो तिच्याकडे बघत राहिला. छत्तीस वर्षांचा पुरुष, शर्टाची इस्त्री नीट, खिशाला पेन. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो मागे जात होता, एकेक करून सगळं तपासत होता, दहावीचा निकाल, लग्नाचा मांडव, ती गोष्ट जिथे जिथे ऐकली ती प्रत्येक जागा, आणि कुठे हात ठेवायचा ते त्याला कळत नव्हतं. सुनेने नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं, मऊबाईपासून लांबच्या.

"कधीच नाही?" त्याने विचारलं.

"त्या दिवशी बरं वाटलं होतं," ती म्हणाली. तुझं बाकी सगळं मी केलं, असं म्हणावंसं वाटलं, पण ते आता वर तोंड करून मोजून दाखवल्यासारखं झालं असतं.

तो दुकानदाराकडे वळला. आधीचा पत्ता खोडायला सांगितला आणि स्वतःच्या घराचा सांगायला लागला, रस्ता, वळण, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान, दुसरा मजला, डावीकडचं दार. सांगताना तो एकदाही अडखळला नाही. दुकानदाराने लिहून घेतलं आणि विचारलं, घरी कुणी असेल ना संध्याकाळी, माणूस परत जायला नको.

"आम्ही असतो," तो म्हणाला. "आमचं आम्ही बघतो."